कडब्याच्या आडून

आमच्या घरात माणसांचे स्वभाव बैलबाजारातल्या शब्दांत सांगायची रीत होती. ही रीत माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची. केजच्या बाजाराला जनावर घ्यायला निघालेला माणूस आधी आमच्या दारावरून जायचा आणि आबांना सोबत घ्यायचा. आबा बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, पण जास्त वेळ त्याच्या डोळ्यांकडं बघत उभे राहायचे, आणि मग एकच शब्द बोलायचे. 'गरीब.' 'मारका.' 'बुजरा.' 'बैठा.' त्या शब्दावर सौदा व्हायचा नाहीतर मोडायचा. बाजारातून परत आले तरी हे शब्द त्यांच्या जिभेवर शिल्लक असायचे आणि मग ते आमच्या अंगावर पडायचे. आई गरीब, म्हणजे कुणावर शिंग न उगारणारी. तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, बैठे. काम समोर दिसलं की ते असतील तिथं बसायचे आणि तिथूनच इतरांना काम कसं करावं ते सांगायचे. माझी थोरली बहीण गया तापट, 'पर वढीला चांगली', म्हणजे भरलेली गाडी चढावर अडली तर तीच काढील. माझ्यापाशी आले की मात्र आबा डोकं खाजवायचे. मी मारकी नव्हते, बैठी नव्हते, बुजरी म्हणावं तर म्हशींच्या पायांतून बिनधास्त फिरायचे. "जनावर असती तर कळलं असतं," असं म्हणून ते शेवटी माणसांतलाच एक शब्द मला द्यायचे. घुमी. तोच पुढं माझं नाव होऊन बसला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण सुधाकर. सुधाकर हा गयाचा नातू. औरंगाबादच्या कॉलेजात मनाचा अभ्यास करतो. दिवाळीच्या सुट्टीत तो एक जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि माझ्यापुढं बसून म्हणाला, "आजी, माणसं मुळात दोन प्रकारची असतात. अंतर्मुख आणि बहिर्मुख."

मी म्हटलं, "आमच्या वेळी जास्त होती."

त्याचं म्हणणं असं की माणसाचा खरा प्रकार लहानपणीच दिसतो, चारचौघांत वागायचं वळण लागायच्या आधी. तेव्हा मी कशी होते ते मी सांगायचं आणि माझा प्रकार कोणता ते तो सांगणार. खरं तर त्यानं तो आधीच ठरवून ठेवला होता. आमच्या घराण्यात कुणाचं लग्न असो की बारसं, बायका मला घेरून बसतात आणि मी बोलायला लागले की कढईतली शेव करपते, हे त्यानं पाळण्यात असल्यापासून पाहिलेलं. त्यानं पेन्सिलनं 'बहिर्मुख' असं लिहूनसुद्धा टाकलं होतं. मी म्हटलं, "बाळा, लहानपणी मला लोक मुकी समजायचे." तो हसला. ही आजीची नेहमीची थाप, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

पण ती थाप नव्हती. मला बोलता येत होतं, एवढंच की माणसांदेखत येत नव्हतं. पहाटे आई जात्यावर बसली की मी तिच्या मांडीला डोकं टेकून जात्याच्या घरघरीत बोलायचे. ते तिला निम्मं ऐकू यायचं, निम्मं पिठात जायचं. गोठ्यात बोलायचे. शेळीच्या करडाला तर मी सगळ्या गावाच्या भानगडी सांगितलेल्या होत्या. गयाच्या कानात कुजबुजायचे आणि मग तीच मोठ्यानं जाहीर करायची, "घुमी म्हणती तिला गूळ पाहिजे," "घुमी म्हणती तात्यांनी पुन्हा तिच्या वाटचं खाल्लं." पण घराबाहेरचं माणूस पुढं आलं आणि त्यानं "नाव काय ग तुझं?" असं विचारलं की मोटेचा नाडा चाकात अडकावा तसा माझा गळा जागच्या जागी थांबायचा. मी त्या माणसाच्या पायांकडं बघत उभी राहायचे. त्यामुळं माझं सगळं गाव मला पायांवरून पाठ होतं. आजही माहेरी गेले की एखाद्या म्हाताऱ्याचं तोंड ओळखू येत नाही. त्यानं जोडे काढले की लगेच नाव आठवतं.

यावर उपाय झाले. आईनं जिभेवर वेखंड उगाळून लावलं, त्यानं जीभ बधिर झाली आणि मी गयाशीही दिवसभर बोलले नाही. मग डोंगरातल्या पिराला नवस झाला. तिथल्या फकिरानं माझ्या तोंडात साखर घातली, डोक्यावर मोरपिसांचा झाडू फिरवला आणि आईला म्हणाला, "बोलेगी बेटी. फिर रुकेगी नहीं." आमच्या घराण्यात आजही सर्वांचं एकमत आहे की त्या फकिरानं साखर जरा जास्तच घातली.

गया मात्र मला कुणी मुकी म्हटलेलं खपवून घ्यायची नाही. वेशीपाशी एका दांडग्या पोरानं मला "ए मुके" अशी हाक मारली, तेव्हा ती अंगण सारवत होती. तशीच उठली आणि शेणकाल्याची पाटी त्याच्या डोक्यावर रिकामी करून आली. त्याची आई भांडायला आली तर गया म्हणाली, "काकू, आता तुमचं लेकरू लई बोलायलंय का बघा." या तापटपणाची ख्याती लांबवर गेली होती आणि तिचं एक स्थळ त्यापायीच परतलं होतं.

आणि मग वडवणीकडचं स्थळ आलं. माणसं चांगली, शेती डोंगराच्या पायथ्याची. त्या मुलाला गयानं केजच्या बाजाराच्या वाटेवर एकदा पाहिलं होतं. गाडी भरलेली, घाट चढायचा होता, आणि हा बाबा खाली उतरून बैलांच्या बाजूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवून चालत होता. एवढंच. बोलणं नाही, बघणं नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर गया भाकरी थापता थापता आपल्याशीच हसली आणि भाकरी करपली. भाकरी तिच्या एरवीही करपायच्या, पण हसून करपलेली ती पहिलीच. आबांनीही त्याचे बैल पाहिले होते. म्हणाले, "पाठीवर एक वळ न्हाई बैलाच्या." आबांच्या तोंडून याहून मोठी शिफारस निघणं शक्य नव्हतं.

अडचण माझी निघाली. कुणीतरी वडवणीच्या लोकांच्या कानावर घातलं की त्या घरात धाकटी मुकी आहे. मुकेपण रक्तात असलं तर उद्या थोरलीच्या पोरांत उतरायचं. तिकडून निरोप आला, नुसती मुलगी बघून भागणार नाही, सगळं घर बघू. तात्या पूर्वी तहसील कचेरीत शिपाई होते आणि तिथली नोकरी सुटली तरी तिथली भाषा त्यांना सुटली नव्हती. ते म्हणाले, "दादा, मामला नाजूक हाय. त्यांना येळवशीला बोलवा. एकदा आपली भज्जी पोटात गेली की फैसला आपल्याच बाजूनं."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडं हा सण घरात होत नाही, रानात होतो. शाळू कमरेवर आलेला असतो, हरभऱ्याला घाटे धरायला लागलेले असतात. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप बांधायची, वरून घोंगडी टाकायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. शेजारी एक छोटा सहावा दगड, ती द्रौपदी. मग बायका डोक्यावर आंबिलीची मडकी घेऊन वाजतगाजत रानात जातात. ताकात शिजवलेली, लसूण चुरडून घातलेली ती आंबील, तुरीचे न् वालाचे ओले दाणे घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ओळखीचा असो नसो, वाटेवरच्या माणसाला ओढून आणून जेवू घालायचं. वडवणीकडं हा सण नाही, त्यामुळं पाहुण्यांनाही त्याचं अप्रूप होतं.

आदल्या दिवशी उंडे वळता वळता गयानं मला शिकवायला घेतलं. आमच्या सोप्यात मधोमध एक लाकडी मेढ, म्हणजे खांब, होता. "ह्या मेढीला नाव सांग," ती म्हणाली. मी सांगितलं, अगदी खणखणीत. "आता मी मेढ हाय आसं समज." तेही सांगितलं. "आता मी वडवणीचा पाव्हणा हाय," असं म्हणून तिनं आबांचं मुंडासं डोक्यावर ठेवून गालफडं फुगवली. मी तिच्या पायांकडं बघायला लागले.  तिनं मुंडासं काढून खुंटीला लावलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. न्हाई आलं तर न्हाई आलं." पण पुढचा उंडा तिनं इतका दाबून वळला की त्याचा चेंडू करून लगोरी खेळता आली असती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील, अंगानं भरदार, पायांत नवेकोरे करकरणारे जोडे. आणि त्यांची म्हातारी आई. तिचे गुडघे गेले होते, तिला गाडीतून उचलूनच उतरवलं, पण ती म्हणाली होती म्हणे, पोरगी मीच बघणार. पूजा झाली. तात्या आंबिलीचा तांब्या घेऊन पिकाभोवती शिंपडत निघाले, "ओलगे ओलगे, सालम पोलगे". पाहुण्यांनी विचारलं, "ह्येचा अर्थ काय हो?" आता तो अर्थ आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत कुणालाच ठाऊक नव्हता. तात्या क्षणभरही न थांबता म्हणाले, "फारशी हाय, पाव्हणं." पाहुण्यांनी मान डोलावली. सरकारदरबारची भाषा पिकालाही लागू पडत असेल, असं त्यांना वाटलं असावं.

जेवणं झाली. आंबील वाढताना आईनं तात्यांच्या सांगण्यावरून "गयानं केलीया" असं दोनदा म्हणून घेतलं. पाहुण्यांनी मिशांवरून हात फिरवला आणि मला जवळ बोलावलं.

"हिकडं ये, बाय. नाव काय तुझं?"

 आबांनी हातातलं पान तसंच धरलं. गया आंबिलीचा डाव घेऊन उभी होती, तिचे ओठ माझं नाव बिनआवाजाचं म्हणत होते. मला ते दिसत होतं, आणि ते नाव माझ्या तोंडात आलेलंही होतं. पण समोर ते जोडे. पाहुण्यांनी अंग हलवलं की ते करकरायचे.

"सांग की. कावून बोलंना ही?" त्यांनी आबांकडं पाहिलं. "आयकायला तरी येतं का हिला?"

मी पळाले. उभ्या रानात पळून जाणार कुठं, तर वाकून खोपीत शिरले. आत उबदार अंधार होता आणि कडब्याचा वास. मी पांडवांपुढं बसले आणि गळ्यातला अडकलेला नाडा सुटला. मी त्यांना माझं नाव सांगितलं. गावाचं सांगितलं. शेळीचंही सांगितलं. म्हटलं, मला सगळं येतंय, पर त्या पाव्हण्याचे जोडे लई करकरतेत, त्यांनी जोडे काढले असते तर मी सांगितलं असतं.

"खरंच करकरतेत," कुणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज होता. खोपीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी पाच पांडवांकडं पाहिलं, ते पुरुष. मग सहाव्या दगडाकडं पाहिलं. बोलणारी द्रौपदीच, यात मला काडीचाही संशय आला नाही. तिला खोकला झाला होता, पण थंडीचे दिवस, उघड्या रानात बसायचं, त्याचंही मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते इतकंच की माझा गळा थांबला नाही.

"थोरली कशी हाय ग तुझी?" द्रौपदीनं विचारलं.

"तापट हाय," मी आबांच्या शब्दांत सांगितलं. देवाशी खोटं कसं बोलायचं. "पर वढीला चांगली." आणि शेणकाल्याची सगळी हकीकत सांगितली.

"भाकरी येती का तिला?"

"येती. एका अंगानं करपती. आंबील आईनं केलीया, पर गयाचं नाव सांगायचं ठरलंय."

द्रौपदीला पुन्हा खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ चालली. मग म्हणाली, "मग द्यावी का न्हाई तिला वडवणीला?"

"द्या. तिला तो पसंत हाय. घाटात गाडीतनं उतरून बैलांसंगं चालत होता म्हणून. पर..."

"पर काय?"

हे मी करडालाही कधी बोलले नव्हते. "ती गेल्यावर माझ्या बदली कोण बोलंल?"

  कडब्याची एक पेंढी हळूच हलली, आणि फटीतून मला हिरव्या लुगड्याचा पदर दिसला. मी खोपीला वळसा घालून बाहेर आले, तर वडवणीची म्हातारी उन्हाला गुडघे शेकत, खोपीला पाठ टेकून बसलेली. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या पायांकडं. रुंद पाय, बोटात जोडवं घट्ट रुतलेलं. माझा गळा पुन्हा जागच्या जागी.

तेवढ्यात पाहुणे तिला उठवायला आले. "चल, आई. पोरगी मुकीच हाय. दोनदा इचारलं मी."

"मुकी न्हाई," म्हातारी म्हणाली. "तुझ्या जोड्याला भ्याली. मी बी भ्यायले असते." मग आवाज चढवून आईला म्हणाली, "आंबील झकास झाली हो, यीनबाई. तुमच्या हाताला चव हाय."

आईच्या हातातलं भांडं डुचमळलं. तात्या "वो क्या है की" असं म्हणून खाली बसले. गयानं त्याच क्षणी माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत शेणकाल्याच्या दुसऱ्या पाटीची सगळी तयारी होती.

"आन् भाकरीचं काय," म्हातारी पुढं म्हणाली, "ती आमी शिकवू. वढीला चांगली असली म्हंजी झालं."

आबा दचकले. हा शब्द त्यांचा होता, घरच्या चुलीपुढचा. परक्या बाईच्या तोंडी तो जाण्याची एकच वाट होती. ते माझ्याकडं बघत राहिले, जनावराच्या डोळ्यांत बघत तसेच, बराच वेळ. पण शब्द काही बोलले नाहीत. पाहुण्यांना म्हणाले, "सुपारी फोडायची का मग?"

सुधाकरला एवढं सांगितलं तेव्हा त्यानं 'बहिर्मुख' खोडून 'अंतर्मुख' लिहिलं, मग तेही खोडलं. मी म्हटलं, "कडब्याच्या आडून बोलणाऱ्यांचा एखादा प्रकार नाही का रे तुझ्या पुस्तकात?" तो म्हणाला नाही. मग मीच विचार करत बसले. गोष्टी सांगताना मी हातात कापूस घेऊन वाती वळते, त्याचं कारण वाती नाहीत. मान खाली घालायला मिळते. महिला मंडळानं मागच्या वर्षी मला हार घालून व्यासपीठावर उभं केलं, तेव्हा मी पुढच्या रांगेतल्या चपला मोजून खाली उतरले. आणि हे लिहिणं. इतकी पानं मी कुणापुढं बसून सांगू शकले नसते. कागद उभा केला की पलीकडं कोण बसलंय ते दिसत नाही, आणि कुणी खोकलंच तर ती द्रौपदी आहे असं समजता येतं. वातींचं आणि चपलांचं मी सुधाकरलाही सांगितलं, तर तो ते त्याच्या वहीत लिहून घ्यायला लागला. मी म्हटलं, हेही लिही की ते जोडे जिंकले असते तर तू हे विचारायला नसतास. आतून त्याची आजी, म्हणजे गया, ओरडली, "आंबिलीचं सांगितलं का त्याला? अजून मला त्याचा राग हाय."

लग्न झालं. पाठराखीण म्हणून गयासोबत मलाच धाडलं. वडवणीचं घर मोठं होतं, माणसं पुष्कळ, आणि सगळ्यांचे पाय नवे. गया पाहुण्यांच्या गराड्यात बसलेली, तोंडावर पदर, आणि नव्या नवरीनं बोलायचं नाही म्हणून तीच आता मुकी. मी दिवसभर दाराआड उभी होते. दुपारी घर जरा निवलं तशी ती म्हातारी ओट्यावर येऊन बसली. तिनं मला दाराआडून हातानंच बोलावलं. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. बोटातलं जोडवं बघत.

 तिनं दोन्ही हात ओट्यावर टेकले आणि कण्हत, एकेक गुडघा उचलून, सावकाश सगळी फिरली. माझ्याकडं तिची पाठ झाली. तोंड भिंतीकडं. डोक्यावरचा पदर नीट केला, एकदा खोकली आणि भिंतीला म्हणाली,

"हं. आता सांग. नाव काय ग तुझं?"

"मंजुळा," मी म्हणाले.